वीतभर लोखंड

त्या राज्यात माणसे नव्हती, गाड्या होत्या, आणि नंबर नसलेल्या गाडीला रस्ता नव्हता. जन्मताच प्रत्येकीच्या चासीवर, म्हणजे तिच्या लोखंडी हाडावर, एक आकडा ठोकला जाई. नाक्यावर त्या जागी कागद धरून पेन्सिल घासत. कागदावर जे उमटे तेच खरे. गाडीला स्वतःविषयी काय म्हणायचे आहे, हे विचारण्याची तिथे पद्धत नव्हती.

चांदणीचा जन्म असा रीतसर झालाच नव्हता. धोंडूमामा नावाच्या म्हाताऱ्या क्रेनने सात वर्षे खपून तिला जोडले होते. चासी एका थकलेल्या रुग्णवाहिकेची, इंजिन दूधगाडीचे, चाके कुणाकुणाची. वरचा पत्रा मात्र मामाने स्वतः ठोकून घडवला, आणि तो थेट राणीसरकारांसारखा. राणीसरकार ही त्या राज्यातली सर्वांत जुनी गाडी. मामाने तरुणपणी तिला एकदाच मिरवणुकीत पाहिले होते, पण त्या मडगार्डांची गोलाई त्याच्या डोळ्यांपुढून कधी हलली नाही.

मामाचा हात सुबक होता. हाच त्याचा गुण आणि यातच त्याचा घात. चासी साफ करताना एका जागी त्याला काहीतरी खरबरीत लागले. गंज असेल म्हणून त्याने ते कानशीने घासून गुळगुळीत केले आणि वर लाल रंगाचे तीन हात दिले. आपल्या लेकीच्या अंगावर डाग राहू नये, एवढाच त्याचा हेतू होता.

नाक्यावर दोन रांगा होत्या, जुन्यांची आणि नव्यांची. चांदणी जुन्यांत उभी राहिली तेव्हा एका खटाऱ्याने नाक मुरडले. "रंगाचा वास अजून गेला नाही, आणि म्हणे जुनी!" ती नव्यांत गेली, तर तिथल्या चकचकीत पोरी फिदीफिदी हसल्या. "आजी, इंजिन खोकतंय तुमचं. रांग चुकली वाटतं?" दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते काही खोटे नाही.

शेवटी तिला रोलरसाहेबांपुढे नेले. नाक्याचे हे मुख्य. चालायचे सावकाश, पण ज्यावरून जायचे ते सपाट व्हायचे. त्यांनी कागद धरला, पेन्सिल घासली. कागद नुसता काळा झाला.

"इथं काहीच नाही," साहेब म्हणाले.

"मीच घासलं, साहेब," मामा कळवळून म्हणाला. "गंज वाटला हो मला."

"म्हणजे तू हिचा जन्मच घासलास."

"अहो, पण ही समोर उभी आहे ना धडधडीत!"

"उभं काय, कुणीही राहतं." साहेबांनी काळा कागद नीट घडी करून ठेवला. "सुटी करून ने हिला. इंजिनाला आकडा आहे, ते जाऊ दे. चाकांना आमची हरकत नाही. फक्त ही जाणार नाही."

मामाने पाय धरले, म्हणजे आपला ओझी उचलायचा हूक जमिनीला टेकवला. तेव्हा साहेबांना एक जुना नियम आठवला. तोंडवळा एखाद्या घराण्याशी जुळत असेल, तर त्या घराण्यातल्या वडीलधाऱ्या गाडीने ओळख द्यावी. ओळख मिळाली की नंबर मिळे. राणीसरकार चाळिसाव्या दिवशी नाक्यावरून जाणार होत्या. त्यांनी ओळख दिली तर रस्ता, नाही दिली तर भट्टी.

चांदणीला आवारात कोंडले आणि चाकांना साखळी घातली. तीन बाजूंना भिंत होती आणि चौथ्या बाजूला जाळी. जाळीतून रस्ता दिसे. चौथीही भिंत असती तर बरे, असे तिला वाटे. बॅटरी उतरत चालली. इंजिनाला दुधाच्या कॅनांचा खडखडाट आठवे, चासीला आजाऱ्यांचे कण्हणे. मग यात आपण कुठे आहोत, या विचाराने ती घाबरून जाई. पण रस्त्याकडे पाहिले की जी तळमळ होई ती दुधाची नव्हती आणि दवाखान्याचीही नव्हती. ती तिची एकटीची होती. तेवढ्या आधारावर ती दिवस काढत होती.

मामा रोज जाळीपाशी येई. "करायला गेलो गणपती, झाला मारुती, पोरी."

"मामा, काहीही होऊ दे, मला सुटं नका करू."

"नाही गं करणार."

राणीसरकारांना काय सांगायचे, ते ती मनात घोकत राही. 'आजी, तुमचं नाव नको मला, मान नको. रस्त्याच्या कडेकडेनं जाईन. एवढंच म्हणा की हिला ओळखते.' ज्यांचे रूप आपल्या अंगावर आहे त्यांना आपली दया येईलच, अशी तिची खात्री होती.

चाळिसाव्या दिवशी नाका धुऊन काढला. तोरणे लागली. दोन्ही रांगा कडेला सरकल्या. दुरून तुतारी वाजली आणि एक हातगाडी आली. तिच्यावर मखमलीची गादी होती, आणि गादीवर वीतभर लोखंडी पट्टी.

"राणीसरकार कुठं आहेत?" मामाने विचारले.

"या काय!" हातगाडी म्हणाली. "इंजिन तीनदा बदललं, पत्रा गंजून गेला, चासी गेल्या साली मोडीत निघाली. आकड्यापुरता तुकडा कापून ठेवलाय. तेवढं पुरतं."

रोलरसाहेबांनी पट्टीवर कागद धरला, पेन्सिल घासली. आकडा लखलखीत उमटला. "अस्सल," ते म्हणाले, आणि रांगांतल्या सगळ्या गाड्यांनी दिवे खाली केले.

मग चांदणीला पुढे ढकलत आणले. साहेबांनी अदबीने विचारले, "राणीसरकार, ही आपल्या घरातली आहे का?"

चाळीस दिवस घोकलेले चांदणीला एक अक्षर आठवेना. बोलायचे तरी कुणाच्या डोळ्यांत पाहून? पट्टीला दिवे नव्हते, हॉर्न नव्हता. साहेब नियमात आहे तेवढा वेळ थांबले. मग त्यांनी लिहिले : ओळख दिली नाही.

फाटक वर गेले. वाट अरुंद होती, म्हणून चांदणीला साखळीसकट मागे रेटले, आणि वीतभर लोखंड सगळ्यांचे सलाम घेत मोकळ्या रस्त्याला लागले.