घाटातल्या पाचांची दवंडी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा बातमी डफावर थाप मारत यायची, आणि हातातलं काम टाकून ती ऐकणारी माणसंही होती. ते दिवस आठवले की अजून जीव हळहळतो.

अशाच एका राज्यात एक दवंडीवाला होता. तिथल्या घाटात तीन वर्षांत पाच वाटसरू नाहीसे झाले. हे भुताचं काम, असं म्हणून राजाने चौकशी बंद केली. दवंडीवाल्याला मात्र आयती कथा मिळाली. भुताचे डोळे, भुताची नखं तो अशी रंगवायचा की बाजार जागचा हलत नसे. दर आठवड्याला भूत वीतभर वाढायचं.

एके दिवशी गर्दी पांगल्यावर एक बाई मागे राहिली. ती घोंगड्या विणायची. नाहीसा झालेला बिरू तिचा नवरा.

"दादा," ती म्हणाली, "भूत किती उंच हाय ते साऱ्या बाजाराला कळलं. माझा धनी कसा व्हता, ते एकदा तरी सांगितलंत का? म्या कुंकू लावू का पुसू, येवढं तरी सांगा कुनी."

दवंडीवाल्याची मान खाली गेली. आपलीही जायला हवी. भुताची गोष्ट मागणारे आपणच.

मग तो पाचही घरी गेला. माणूस कसा मेला असेल, हे त्याने विचारलं नाही. कसा जगत होता आणि निघताना जवळ काय होतं, ते विचारलं. बाजारोबाजारी नवी दवंडी सुरू झाली. बिरू, ताकाचा शौकीन. अंगावर घोंगडी, जळक्या कोपऱ्याला हिरव्या लोकरीचं रफू. गुणाई, तोंडाला पदर लावून हसणारी. हातात पोचे पडलेला तांब्या. धाकलू, रायबा आणि सोनजी यांचंही तसंच. भूत नाही म्हटल्यावर गर्दी ओसरली. कधी चार माणसं, कधी नुसती गुरं. तो थांबला नाही.

सहा महिन्यांनी, घाटापलीकडच्या बाजारात, एक म्हातारी पुढे आली. तिने अंगावरच्या घोंगडीचा कोपरा उलगडून दाखवला. हिरवं रफू होतं.

"घाटातल्या धर्मशाळेच्या रखवालदाराकडून घेतली, बाबा," ती म्हणाली. "देवमाणूस हाय त्यो. येनाऱ्याजानाऱ्याला पानी पाजतो."

दवंडीवाल्याने ती घोंगडी राजापुढे ठेवली, तेव्हा शिपाई गेले. धर्मशाळेच्या माळ्यावर गुणाईचा तांब्या सापडला, परसात पुरलेले पाच जण सापडले. रखवालदाराला देहान्त शासन झालं, आणि राजाने पाचही घरांपुढे हात जोडले. घोंगडी पोटाशी धरून बिरूच्या बायकोने कुंकू पुसलं. इतक्या दिवसांनी ती पोटभर रडली.

लोक पुन्हा जमले. त्या रखवालदाराचं सांग, म्हणाले. कसा दिसायचा, कसा मारायचा?

"त्याची दवंडी मी पिटणार नाही," दवंडीवाला म्हणाला, आणि त्याने बिरूपासून सुरुवात केली.

पुढे दर जत्रेला, हात चालले तोवर, त्याने त्या पाचांचीच दवंडी दिली. बिरूला ताक आवडायचं, हे तिथली नातवंडंही सांगत. रखवालदाराचं नाव मी कितीतरी जाणत्यांना विचारलं. कुणालाच आठवलं नाही.

म्हणून म्हणतो: मारणाऱ्याची कथा रंगवली की भीतीच वाढते, मेलेल्याची आठवण जपली की न्यायाला वाट सापडते.