काळ्या दगडांची ऊब

दोन डोंगरांच्या बेचक्यातल्या एका जंगलात काटेरी अंगाची एक साळू, म्हणजे साळिंदरीण, राहत असे. तिथली थंडी अशी, की एकदा वाजायला लागलेले दात थांबायचे नाव घेत नसत. म्हणून फार पूर्वीपासून एक रीत पडली होती. कडाका सुरू झाला की सगळ्यांनी आपापली पिल्ले एका मोठ्या गुहेत ठेवायची, मधोमध शेकोटी पेटवायची आणि रोज प्रत्येक घराने एक ओंडका आणून टाकायचा. पिल्लांना ऊब मिळे हे खरे, पण धूरही तेवढाच मिळे. साळूचे एकुलते एक पिल्लू त्या धुराने खोकून खोकून बेजार झाले होते. उबळ आली की त्याचे कोवळे काटे थरथरत आणि साळूच्या काळजाचे पाणी होई. "आणखी एक हिवाळा असा गेला, तर हे काही माझ्या हाती लागायचं नाही," ती स्वतःशी म्हणे.

साळू म्हणजे रात्री फिरणारी आणि दिवसा झोपणारी. पण एकदा काळजीने तिचा डोळा लागेना, तेव्हा ती भर दुपारी बिळाबाहेर आली. समोर काळ्या कातळावर घोरपड ऊन खात पडली होती.

"घोरपडबाई, तुम्हाला शेकोटी लागत नाही का हो?"

"मला कशाला?" घोरपड डोळे न उघडताच म्हणाली. "काळा दगड दिवसभर ऊन पितो आणि पहाटेपर्यंत ऊब देतो. पांढरा मात्र मध्यरात्रीच गार पडतो. बारा वर्षं पोट टेकवून पाहिलंय मी."

"अहो, मग हे कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं नाही. शिवाय अजून दोन हिवाळे पाहायचे आहेत. घाईत बोलून आपलं हसं कोण करून घेणार?"

यावर हसावे की रडावे, हे साळूला कळेना. अंधार पडल्यावर ती अस्वलाकडे गेली. ते नुकतेच जागे होऊन आळस देत होते. दगडांचे नाव काढताच ते फणकारले, "दगड? गेल्या वर्षी मीच वाहिले होते की! पाठ मोडेपर्यंत वाहिले. मध्यरात्री सगळे गार. गवा पाटलांनी सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली आणि नियमच केला, की गुहेत लाकडाशिवाय काही आणायचं नाही."

"दादा, दगड कोणते होते?"

"ओढ्याकाठचे पांढरे. जवळ पडत होते ना!"

साळूने कपाळावर हात मारून घेतला. तिच्या ध्यानात आले, की घोरपडीजवळ अक्कल आहे, अस्वलाजवळ ताकद आहे आणि जंगलाचा पाटील असलेल्या गव्याजवळ शब्द आहे, पण या तिघांची कधी गाठच पडलेली नाही. घोरपड ऊन कलताच बिळात शिरे, अस्वल काळोख झाल्यावर उठे आणि गवा तेवढा संध्याकाळी पाण्यावर येई. मग साळूने घोरपडीला थोडे थांबवले, मधाच्या पोळ्याचा पत्ता सांगून अस्वलाला लवकर उठवले आणि पाण्यावर निघालेल्या गव्याला वाटेत गाठले. सूर्य मावळायच्या वेळी तिघे एकदाचे समोरासमोर आले. तिघांचीही गैरसोय झाली होती आणि तिघेही तोंड वाकडे करून उभे होते.

सगळे ऐकून गवा म्हणाला, "विस्तव विझवला आणि दगडांनी दगा दिला, तर? एखादं पिल्लू गारठलं, तर त्याच्या आईला मी काय सांगू?"

त्याचे म्हणणे काही खोटे नव्हते. साळू म्हणाली, "पाटील, शेकोटी राहू द्या. आतल्या बाजूच्या कपारीत शेक पोचत नाही, पण धूरही येत नाही. तिथे दगड ठेवू आणि पहिलं पिल्लू माझं झोपवू."

गव्याने चार दिवसांची परवानगी दिली. पहिल्याच दिवशी फजिती झाली. अस्वलाने आपल्या ताकदीला शोभतील असे अवाढव्य काळे धोंडे आणले. ते उन्हात नुसते वरून तापले, आतून थंडच राहिले. पिल्लू कुडकुडू लागले आणि त्याला पुन्हा धुरात न्यावे लागले. दुसऱ्या संध्याकाळी घोरपड स्वतः कपारीत आली. थंडीने तिचे पाय आखडत होते, तरी तिने एकेक दगड पोटाशी लावून पाहिला. "अस्वलाच्या डोक्याएवढाच दगड हवा," ती म्हणाली, "आणि खाली कोरडा पाला. नाहीतर सगळी ऊब जमीनच पिऊन टाकते." तिला परत चालवेना, तेव्हा अस्वलाने तिला पाठीवर घेऊन बिळापर्यंत पोचवले. त्यानंतर अस्वल विचारल्याशिवाय एक खडाही उचलीना.

चौथ्या पहाटे साळू चरून परतली. कपारीतून खोकला ऐकू येत नव्हता. धावत जाऊन तिने पिल्लाच्या छातीला कान लावला. छाती संथ वरखाली होत होती, अंग उबदार होते. पिल्लू गाढ झोपले होते. कित्येक महिन्यांत प्रथमच.

त्याच दिवशी गव्याने नियम बदलला. ओंडक्याऐवजी प्रत्येक घराने उन्हात तापवलेला एक काळा दगड आणायचा आणि घोरपड, अस्वल व पाटील यांनी दर आठवड्याला सूर्यास्ताला भेटायचे.

साळूला वाटले, तिघांना कडकडून मिठी मारावी. पण काटे आडवे आले. मग तिने सगळे काटे अंगाशी मिटून घेतले आणि एकेकाच्या पायाला नाक लावले.

"तुमचे उपकार कसे फेडू? माझं बाळ झोपलं हो," एवढेच ती म्हणाली, आणि एवढा मोठा गवा, पण त्यालाही दुसरीकडे पाहावे लागले.

तात्पर्य : जाणत्याचे ज्ञान, कष्टकऱ्याचे बळ आणि कारभाऱ्याचा शब्द आपापल्या सोयीला चिकटून बसले, तर डोक्यावर ऊन असूनही लेकरे धुरातच खोकत राहतात; पण तिघांनी थोडी गैरसोय सोसली, तर लेकरांना धुराविना ऊब मिळते.