रुमालाखालची दलाली

“बाबा, आधी एक सांगा. गुलाबशेठ तुमच्याकडे येतो का?”

“येतो,” हसनबाबा म्हणाले. “का रे?”

भुजंगा दारातच थांबला. बैलबाजाराच्या कडेला, लिंबाखालच्या झोपडीत हा म्हातारा फकीर राहायचा. अडल्यानडल्याला दोन शब्द सांगायचा, म्हणून भुजंगा आला होता. पण आता त्याची नजर बाबांच्या खांद्यावरच्या शालीवर खिळली. गेल्या जत्रेत गुलाबशेठनं असल्याच शाली वाटल्या होत्या. इथंही पाणी मुरतंय, तो मनाशी म्हणाला.

“ही शाल त्याचीच ना?”

“त्यानंच दिली. थंडी काही विचारत नाही, शाल कुणाची ते. बस.”

भुजंगा बसला, पण अंग चोरून. बाबांनी चहा पुढं केला, तो त्यानं हळूच बाजूला सारला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि भुजंगाचं तर चांगलंच पोळलं होतं.

तो बैलांचा दलाल. गुलाबशेठच्या बैलजोड्या विकायच्या आणि शेकड्याला तीन रुपये दलाली घ्यायची, असं दोघांत ठरलं होतं. भुजंगानं वर्षभर जोड्या विकल्या. दलाली मागितली की शेठ म्हणायचा, पोळा होऊ दे. पोळा झाला, तेव्हा म्हणाला, दिवाळी होऊ दे. आणि काल म्हणतो कसा, तीन कुठले, एकच ठरला होता. तोही येत्या बाजारात खिलारी जोडी विकून दे, मग बघू. इकडं लेकीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीची मुदत सोमवारी संपत होती. फी भरली नाही तर पोर घरी बसणार होती.

“त्याचा मुनीम त्याला सामील आहे,” भुजंगा म्हणाला. “टेंपोवाला सामील आहे. उद्या जोडी विकली की आणखी काहीतरी फाटे फोडेल. मला आता कुणाचाच भरवसा वाटत नाही. तुमचासुद्धा नाही, बाबा.”

“तोंडावर बोललास, बरं केलंस. दलाली ठरली कशी?”

भुजंगाची मान ताठ झाली.

“आमच्या रीतीनं. रुमालाखाली. मी समोरच्याची बोटं दाबून भाव करणारा माणूस आहे, जितकी बोटं तितका आकडा, तोंडानं काढत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळा बाजार ओळखतो मला.”



बाबांनी खांद्यावरची शाल काढली आणि आपल्या हातावर पांघरली.

“आण हात.”

भुजंगानं शालीखाली हात घातला. बाबांनी त्याची बोटं धरली, दाबली आणि सोडून दिली.

“किती?”

“तीन.”

“दोन,” बाबा म्हणाले.

“तीन दाबलीत, बाबा. हा हात कधी चुकत नाही.”

“दोन. कुणी पाहिलं?”

भुजंगाचं डोकं सणकलं. शाल शेठची आणि वर भाषाही शेठचीच. तो ताडकन उठला.

“तुम्हीपण एकाच माळेचे मणी.”

“असेन. पुन्हा करून बघ. आण हात.”

राग तर होताच, पण आपलं खरं करून दाखवायची खुमखुमी रागाहून मोठी. भुजंगा परत बसला आणि परत शालीखाली हात घातला.

या वेळी बाबांनी बोटं दाबलीच नाहीत. हात नुसता धरून ठेवला.

“रुमाल कशाला लागतो रे?”

“बघ्यांसाठी. भोवती चार गिऱ्हाइकं असतात. भाव फुटू नये म्हणून.”

“तुझी दलाली ठरली, तेव्हा भोवती कोण होतं?”

भुजंगा आठवू लागला. शेठची ओसरी. भर दुपार. दोघंच समोरासमोर. शेठ म्हणालासुद्धा होता, बोल की तोंडानं. आणि भुजंगानंच ऐटीत खिशातून रुमाल काढला होता...

“कुणीच नव्हतं.”

“मग झाकलंस कुणापासून?”

भुजंगाला लाज वाटली. शेठचा राग होता तो होताच, पण ही लाज त्याच्याही वर चढून बसली. त्यानं हात शालीबाहेर काढला.

बाहेर उद्याच्या बाजाराची जनावरं उतरू लागली होती.

“उद्या,” तो सावकाश म्हणाला, “जोडीच्या कासऱ्याला हात लावायच्या आधी विचारीन त्याला. भर बाजारात, चार माणसांत, तोंडानं. मागची दलाली किती आणि या जोडीची किती. नाही बोलला तर त्याची जोडी त्यानंच विकावी.”

सोमवार डोळ्यांपुढून हलत नव्हता. शेठ चिडला तर मागचंही बुडणार, हे त्याला कळत होतं. तरी शब्द त्यानं मागं घेतले नाहीत.

तो दाराशी गेला आणि तिथून वळला. संशय एकदा अंगात भिनला की सहजासहजी उतरत नाही.

“बाबा, खरं सांगा. तुम्ही दोन दाबली होती की तीन?”

बाबांनी शाल पुन्हा खांद्यावर घेतली.

“उद्या बाजारात येतो मी. तिथं विचार, चार माणसांत.”