गोजरामायची ओ

ही गोष्ट अगदी खरी आहे, देवराईतल्या देवाची शपथ. मी तिथे उभा राहून सगळं डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे, तेव्हा माझे पणजोबाही जन्माला आले नव्हते; पण उभा असतो तर हेच पाहिलं असतं.

फार वर्षांपूर्वी, घाटात वाटा कमी आणि वाघ जास्त होते तेव्हा, उंबरखोंड गावात गोजरामाय नावाची सुईण होती. गावाच्या चारी बाजूंना रान. इतकं जुनं, की तिथल्या झाडांना आभाळ आपल्यापेक्षा धाकटं वाटायचं, असं म्हणतात. गावातल्या प्रत्येकाचं पहिलं रडणं गोजरामायच्या कानावर पडलेलं.

एका दसऱ्याला देवाची पालखी निघाली होती. उंबरखोंडची रीत अशी, की पालखी उठली की पुन्हा देवळात टेकेपर्यंत ढोल थांबायचे नाहीत. थांबले तर देव कोपतो. ढोल घुमत होते, आणि अशात गोजरामायचा जावई धापा टाकत आला. तिची लेक चांगुणा, दिवस भरलेली, त्याच्याबरोबर माहेरी यायला निघाली होती. रानातच तिला कळा सुरू झाल्या. तिला झाडाखाली बसवून तो मदत आणायला धावला, आणि त्याच्या मागे धुकं उतरलं.

"कुठल्या झाडाखाली?" पालखीच्या मानकऱ्याने, रावजीने विचारलं.

"मोठ्या."

"अहो जावईबापू, आमच्या रानात लहान झाड आहे कुठलं?"

माणसं धुक्यात शिरली, आणि स्वतःचेच पाय दिसेनात म्हणून परत आली. रावजी म्हणाला, "ढोल आणखी जोरात वाजवा. आवाजाच्या रोखाने येईल पोर."

"तिला पाऊल उचलवत नाही, येते कसली!" गोजरामाय म्हणाली. "तिने ऐकून काय उपयोग? ऐकायचंय आपण. ढोल बंद करा."

"माय, देव कोपेल."

"कोपू दे. त्याची समजूत मी घालीन."

कोणी थांबेना. तेव्हा ती गेली आणि सर्वांत मोठ्या ढोलावर आडवी पडली. ढोलवाल्याची काठी वरच्या वर राहिली. पडल्या पडल्याच ती म्हणाली, "रावज्या, तुझ्या वेळी तुझ्या आईच्या कळा मी ऐकल्यात. आता माझ्या लेकीच्या ऐकू दे."

रावजीने देवाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. आणि हात वर केला. ढोल थांबले.

बायकांनी बांगड्या मुठीत धरल्या. कुत्री गप्प झाली, पाखरं गप्प झाली. ओढासुद्धा वाहता वाहता थबकला, असं म्हणतात. आणि त्या शांततेत, मुंगीने सुस्कारा टाकावा तेवढी हाक आली, "आयेऽ!"

"ओऽऽ!"

गोजरामायने अशी ओ दिली, की धुक्याला भोक पडलं. त्या भोकातून ती चालत गेली. तिकडून हाक, इकडून ओ. मागोमाग पालखी, कारण बाळंतिणीला आणायला गावात दुसरं होतं काय? परतताना पालखीत चांगुणा होती, तिच्या कुशीत नात, आणि देव रावजीच्या कडेवर. देव कोपला नाही. उलट कडेवरून वाकून बाळाला बघत होता, असं म्हणतात.

आजही उंबरखोंडची पालखी रानाच्या तोंडाशी आली की ढोल थांबतात. बायका बांगड्या मुठीत धरतात. अख्खं गाव रानाकडे कान लावून उभं राहतं. एरवीही तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही. नवख्या पाहुण्याला वाटतं, गाव झोपलंय. झोपलेलं नाही, ऐकतंय. तुम्ही गेलात तर गावाच्या वाटेवरच्या खिंडीतून एक हाक मारा. जो ऐकेल तो हातातलं काम टाकून गोजरामायच्या नावाने ओ देईल. मगच पुढे चालायचं.

आता ओढ्याचं सांगून टाकतो. तो थबकला, हे मी पदरचं घातलंय. असं म्हणतात, म्हणजे मीच म्हणतो. ओढा कशाला थांबेल? थांबले ते ढोल. आणि त्यापेक्षा ओढा थांबवणं सोपं होतं.