अर्ध्या रुंदीचे कांबळे

वत्सपूर नगरावर धर्मसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व कांबळी विणणाऱ्यांच्या आळीत जन्मले होते. आयुष्यभर मागावर बसून त्यांची पाठ वाकली होती. थोडे विणले की त्यांना दम लागे.

शेजारी सोमिल राहत असे. हाताचा गुणी, पण डोके त्याला स्वस्थ बसू देत नसे. त्याची म्हातारी आई खोकत होती, थंडी तोंडावर आली होती आणि घरातले एकुलते एक कांबळे विरून गेले होते. लोकर होती ती एकाच कांबळ्यापुरती. सोमिलने उभे धागे ताणून त्यांना चिंचोक्याची खळ लावायला घेतली. खळ ओली आहे तोवर कुंचा फिरवत राहायचा, मधे थांबायचे नाही, हे आळीतल्या पोरासोरांनाही ठाऊक. सोमिल नेमका थांबला. खळ पातळ तर नाही झाली? रुंदी पुरेल ना? आणि विणून होईपर्यंत आईच गेली तर? ऊन चढले, खळ वाळली आणि सगळे धागे एकमेकांना चिकटून फळीसारखे कडक झाले.

मग तर काय, विचारांना ऊतच आला. चार दिवस तो त्या धाग्यांसमोर बसून राहिला. आत आई कुडकुडत होती.

पाचव्या दिवशी बोधिसत्त्व काठी टेकत आले. सोमिल रडकुंडीला आला होता.

“काका, माझ्यापायी आई मरणार. काही सुचत नाही हो.”

“पाणी कोमट कर,” बोधिसत्त्व म्हणाले.

“पण एवढे सगळे धागे...”

“पाणी कर रे बाबा.”

सगळे एकदम भिजवले असते तर लोकर आवळून तिचा गोळा झाला असता. म्हणून बोधिसत्त्वांनी चिंधी बुडवून कडेचा एकच धागा ओला केला आणि बोटांनी सुटा केला. मग दुसरा. तिसरा सोमिलने केला. मधेच त्याचे हात थांबत, नजर कुठेतरी लागे. “हं, पुढचा,” एवढेच बोधिसत्त्व म्हणत. त्यांचीही बोटे दुखत होती. हे काम संपेल असे त्यांनाही वाटत नव्हते.

तीन दिवसांत अर्धे धागे सुटले. गार वारा सुरू झाला. आईला आता उठवतही नव्हते.

“सुटलेत तेवढ्यांवरच विण,” बोधिसत्त्व म्हणाले.

“अर्ध्या रुंदीचं? आईला पुरलं नाही तर?”

आतून म्हातारी खेकसली, “अरे सोम्या, मी तरी आता पुरी कुठं उरलेय! विण की मेल्या!”

सोमिल मागावर बसला. दोन दिवसांनी त्याने कांबळे उतरवून आईच्या अंगावर घातले. ते दोन्ही कडांनी पुरले. तिचे कुडकुडणे थांबले, डोळा लागला. सोमिल तिच्या पायाशी टेकला आणि कितीतरी दिवसांनी त्यालाही झोप लागली.

एवढी कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोरच्या भिक्षूंना म्हणाले, “ती म्हातारी आज भिक्षुणीसंघात आहे, अजूनही तशीच खेकसते. अंगावरचे फाटके चीवर शिवायचे सोडून ते मांडीवर घेऊन तीन दिवस विचार करीत बसलेला हा वारिसेन भिक्षू, तोच सोमिल. वाकल्या पाठीचा विणकर मी होतो. अंगात त्राण नसतानाही हाताला येईल तेवढे करणे, याला वीर्यपारमिता म्हणतात.”

वारिसेनाने शेजारच्या भिक्षूकडे सुई मागितली.