पर्वत शिंप्याचा व्यायाम

शेंदुरवाडीत एक भोळा शिंपी होता. नाव पर्वत. दिवसभर मशीनवर बसून त्याचं पोट सुटलं होतं आणि दंड पार काड्यांसारखे झाले होते.

पर्वताचं लग्न ठरलं. नवरी कौसल्या, शेजारच्या गावच्या लोहाराची मुलगी, चांगली धट्टीकट्टी. गावची रीत अशी, की लग्न लागल्यावर नवऱ्याने नवरीला उचलून खंडोबाच्या देवळाच्या पाच पायऱ्या चढायच्या. पर्वताला तर कापडाचा तागा उचलताना धाप लागायची. सगळ्या गावासमोर फजिती होणार, या धास्तीने त्याला जेवण जाईना.

शेवटी तो हैबती वस्तादाकडे गेला. "वस्ताद, मला तालमीत घ्या."

वस्ताद म्हणाला, "तालीम कशाला? घरच्या घरी कर. घरातली जड वस्तू घ्यायची, डोक्याच्या वर न्यायची, खाली आणायची. रोज वीस वेळा. आणि चांगला घाम गाळायचा."

पर्वत खूश होऊन घरी आला. आई ताक घुसळून नुकतीच उठली होती. पर्वताने ताकाने भरलेला डेरा कसाबसा उचलला आणि धापा टाकत डोक्याच्या वर नेला. ताक आईच्या अंगावर. मग तो चहाची गाळणी हनुवटीखाली धरून बसला.

"हे रे काय?" आईने डोळे पुसत विचारलं.

"घाम गाळतोय. पण आई, गाळणीत काही उरतच नाही."

आईने कपाळावर हात मारला. "अरे पर्वता, उचलायच्या आधी रिकामं करावं!"

"बरं आई. उद्या लक्षात ठेवीन."

दुसऱ्या दिवशी त्याने ज्वारीचं पोतं घेतलं. आधी सगळी ज्वारी अंगणात ओतली. मग रिकामं पोतं वीस वेळा वर-खाली केलं. एकदाही धाप लागली नाही. त्याला वाटलं, आपल्याला बळ आलं! तोवर आळीतल्या सगळ्या कोंबड्या जेवून गेल्या.

आई ओरडली, "अरे, रिकामं काय करतोस? तोंड घट्ट बांधून उचलावं!"

"बरं आई. उद्या लक्षात ठेवीन."

तिसऱ्या दिवशी शेजारचे केरबातात्या ओट्यावर बसले होते. त्यांचा पाय मुरगळला होता. म्हणाले, "पर्वता, मला जरा आत नेऊन बसव रे."

पर्वताने आधी उपरण्याने तात्यांचं तोंड घट्ट बांधलं. मग, आता आपल्याला बळ आलंच आहे या खात्रीने, त्यांना उचललं. वर, खाली, वर, खाली. तात्या हातपाय झाडत होते. पर्वताला वाटलं, तेही व्यायाम करताहेत. वीस झाल्यावरच त्याने त्यांना आत नेलं आणि तोंड सोडलं.

तात्या कडाडले, "गाढवा! माणूस उचलायची ही पद्धत? चार जणांना हाक मारावी, चौघांनी खांदा द्यावा आणि सावकाश न्यावं!"

"बरं तात्या. लक्षात ठेवीन."

चौथ्या दिवशी लग्न. अक्षता पडल्या. वाजतगाजत वरात देवळापाशी आली. केरबातात्यांना वीस वेळा उचलणाऱ्याला कौसल्या काय जड होती? पर्वताने वाकून तिला धरलंही. सगळे टाळ्या वाजवू लागले. तेवढ्यात त्याला तात्यांचं बोलणं आठवलं. तो सरळ उभा राहिला आणि खणखणीत आवाजात ओरडला,

"अहो, चार जण खांदा द्यायला या हो! आमच्या कौसल्येला न्यायचंय. सावकाश!"

वाजंत्री गप्प झाली. पुरुषांनी डोक्यावरचे फेटे उतरवले. मागे उभ्या असलेल्या नवरीच्या आत्याला काही दिसत नव्हतं. तिने ऊर बडवून गळा काढला. तिचं ऐकून सगळ्या बायका रडू लागल्या. चार पाहुणे डोळे पुसत पुढे आले.

कौसल्येने शालू खोचला आणि ती एका दमात पाचही पायऱ्या चढून वर गेली. वरून ओरडली, "अहो, मी जिवंत आहे!"

पर्वत खालून प्रेमाने म्हणाला, "अगं, तात्यासुद्धा जिवंतच होते! ये खाली. चौघं जमलेत."