जीपच्या पोटातलं तांबडं पाणी

एका गावात एक जुनी लष्करी जीप होती. गावाचं नाव निशाणवाडी. तिथे घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे माजी सैनिकांनी लिलावातून ती जीप आणली तेव्हा गावाने तिला नव्या सुनेसारखं ओवाळून घेतलं. तिची देखभाल मानाजी शेलारकडे आली. फौजेत त्याने उभी नोकरी गाड्या चालवण्यात घालवली होती. जीपवर त्याचा भारी जीव. त्याहून थोडा जास्त जीव होता तो जीपचं कौतुक ऐकण्यावर.

रोज सकाळी तो जीप धुवायचा आणि धूळ बसू नये म्हणून ओलीच ताडपत्रीखाली झाकायचा. कुठे गंजाचा ठिपका दिसला, की त्यावर हिरव्या रंगाचा हात मारायचा. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी एकदा भरलं, की ते वर्षभर तिथेच. आतलं कोण बघतंय? बाहेरून मात्र जीप अशी चकाकायची, की तिच्यात बघून कुणी भांग पाडावा.

त्याची बायको शेवंता एकदा म्हणाली, "अवो, कढई गंजली तर मी आधी घासती, मग तेल लावती. तुमी गंजावरच रंग चढवताय."

"कढई काय मिरवणुकीत जाती व्हय?" मानाजी म्हणाला, आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

गावामागच्या डोंगरमाथ्यावर गावातल्या शहीद जवानांचा स्तंभ होता. दर दसऱ्याला सगळं गाव वर जायचं आणि गावातला सर्वांत वयस्क सैनिक स्तंभाला आपट्याचं सोनं वाहायचा. हा मान सुभेदार तात्यांचा होता. स्तंभावर त्यांच्या जिवलग मित्राचं, धोंडीचं, नाव कोरलेलं होतं. दोघं एकाच दिवशी भरती झाले होते. परतले एकटे तात्या. आता तात्यांच्या गुडघ्यांनी डोंगराला रामराम केला होता, आणि त्या दगडगोट्यांच्या वाटेवर जीपशिवाय दुसरी गाडी चढत नव्हती.

त्या दसऱ्याला मानाजीने जीपच्या तोंडावर झेंडूचा जाडजूड हार बांधला. हारावर फलक लावला. फलकावर स्वतःचं नावही घातलं, थोडं मोठ्या अक्षरात. रेडिएटरला वारा लागायची जागाच उरली नाही. पुढे ढोल, बाजूला गाव, जीपमध्ये सोन्याची जुडी घेऊन तात्या. अर्ध्या चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकताना मानाजीने पाहिला. थांबावं, हार सोडावा, असं त्याच्या मनात आलंही. पण दोन्ही बाजूंनी माणसं टाळ्या वाजवत होती. कौतुकाचा भुकेला माणूस अशा वेळी गाडी कशी थांबवील?

मग गाडीच थांबली. बॉनेटखालून वाफेचा असा लोट निघाला, की ढोलवाले ढोल टाकून पळाले. कुणीतरी गार पाण्याची कळशी घेऊन धावला. मानाजीने त्याला अडवलं. "गार पाणी नको. तापलेलं इंजिन तडकंल. जरा निवू द्या."

तेवढ्यात तात्या उतरू लागले. त्यांनी जीपच्या तळाला काठी टेकली, ती नव्याकोऱ्या हिरव्या रंगातून, गंजलेल्या पत्र्यातून आरपार गेली आणि खालच्या दगडावर टक्कन वाजली. इंजिन निवल्यावर मानाजीने फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. आत गढूळ, तांबडं पाणी होतं; गंजाच्या गाळाने नळ्या तुंबल्या होत्या, जीप आज काही वर चढणार नव्हती. तात्यांनी वाकून पाहिलं.

"मानाजी, ह्यात चहा कुणी उकळला?"

गाव खो खो हसलं. लक्ष्मण मास्तर मानाजीची बाजू सावरायला म्हणाले, "जुनं धूड आहे हो, वय झालंय तिचं."

मानाजीने नुसती मान हलवली असती तरी सुटला असता. पण त्याची नजर तात्यांच्या हातातल्या जुडीवर गेली. म्हाताऱ्याने ती अजून छातीशी धरली होती. मानाजीने हातातलं झाकण खाली ठेवलं.

"वयाचा दोष न्हाई," तो म्हणाला. "दोष माझा हाय, तात्या. मी हिला रंगवली. सांभाळली न्हाई."

हसणं थांबलं. पोरं म्हणाली, "तात्या, आम्ही तुम्हांला खांद्यावर नेतो."

"खांद्यावर मी एकदाच चढणार, त्याला अजून अवकाश हाय," तात्या म्हणाले. "मानाजी, हे सोनं मी ठेवतो जपून. पुढल्या दसऱ्याला धोंडीला दोन्ही सालांचं मिळून देईन. मी राहतो तयार. तू गाडी तयार ठेव."

दुसऱ्याच दिवशी मानाजीने फलक चुलीत घातला आणि तारेचा ब्रश हातात घेतला. गंज खरवडता खरवडता पुष्कळशी जीपच खाली पडली. तिथे नवा पत्रा जोडला. रेडिएटर सोडवून उलट्या बाजूने पाणी मारलं, ते नितळ येईपर्यंत मारलं. मग त्यात गंज धरू न देणारं कूलंट भरलं. धुतल्यावर जीप उन्हात वाळवायची आणि मगच झाकायची, हा नेम धरला. शेवंता येता-जाता बघायची आणि गालात हसायची, पण कढईचं नाव तिने काढलं नाही.

दसरा आला तेव्हा जीपला खरवडलेल्या जागी गंजरोधक तांबड्या रंगाचा हात मारून झाला होता, हिरव्या रंगाला मात्र वेळ उरला नव्हता. अंगभर तांबडे ठिपके घेऊन ती वेशीत आली.

"मानाजी, गाडीला गोवर आला का काय?" माणसं म्हणाली.

"आला, पन बरी हाय," मानाजी म्हणाला. त्याने हार मागच्या बाजूला बांधला आणि तात्यांना हात देऊन वर बसवलं.

जीप चढली. काटा जागचा हलला नाही. माथ्यावर तात्यांनी दोन्ही जुड्या स्तंभापाशी ठेवल्या आणि कोरलेल्या नावावरून हात फिरवला. "धोंडी, उशीर झाला गड्या. गाडी दुरुस्तीला होती," ते म्हणाले. मग डोळे पुसून जीपकडे वळले.

"मानाजी, यंदा चहा न्हाई वाटतं?"

"हाय की, तात्या," मानाजी म्हणाला. "शेवंतानं किटलीतनं आणलाय."

तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला नुसतं सजवू नये, आतून निरखावं; आणि आपली चूक दिसली, की तिच्यावर रंग न चढवता ती खरवडून काढावी.